लसीतील ॲडज्युव्हंट आणि प्रतिपिंडांची जात

या वेळी लसींविषयी बरीच पत्रे आली. पत्रे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या वयाच्या वाचकांकडून आली असली, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका आहे: लसीने प्रतिपिंडे तयार होतात एवढे पुरेसे आहे, की ती कोणत्या प्रकारची आहेत यालाही महत्त्व आहे? म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला दिलेले उत्तर लांबले आहे, पण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच असल्याने वाचकांनी ते आधी वाचावे.

प्रश्न : माझे बाळ आता दीड महिन्याचे होईल. सरकारी केंद्रात मोफत मिळणारी लस दुखते व तिने ताप येतो, खासगी दवाखान्यातली लस महाग असली तरी दुखत नाही, असे सगळे सांगतात. आमचे डॉक्टर म्हणाले की दोन्ही लसींनी प्रतिपिंडे तयार होतात, पण त्यांचा प्रकार वेगळा असतो. प्रतिपिंडे तयार झाली म्हणजे संरक्षण मिळाले ना? मग प्रकाराने काय फरक पडतो? — एक आई, नाशिक

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे आणि ती फार थोड्या पालकांच्या कानावर जाते, याची मला खंत वाटते. या दोन लसींतला घटसर्प आणि धनुर्वात यांचा भाग जवळपास सारखाच असतो. फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या भागात. सरकारी कार्यक्रमात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरील एकत्रित) लसीत या रोगाचे जंतू मारून अख्खे घातलेले असतात. न दुखणाऱ्या लसीत त्याच जंतूची निवडक प्रथिने, कधी एक तर कधी पाचपर्यंत, शुद्ध करून घातलेली असतात.

शुद्ध प्रथिन टोचले तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. दखल घ्यायला लावण्यासाठी लसीत जे सहायक द्रव्य मिसळतात त्याला ॲडज्युव्हंट म्हणतात. दोन्ही लसींत ॲल्युमिनियमचा क्षार हा ॲडज्युव्हंट असतोच. परंतु अख्ख्या जंतूच्या लसीत आणखी एक ॲडज्युव्हंट आपोआप आलेला असतो, तो म्हणजे जंतूच्या आवरणातील शर्करायुक्त मेदद्रव्य. आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक असतो आणि अशा जंतूंचे हे द्रव्य ओळखणे हेच त्याचे काम आहे. त्याला हे द्रव्य लागले की खरा जंतुसंसर्ग झाल्यासारखी धावपळ सुरू होते. बाळाला येणारा ताप, मांडीवरची सूज आणि रडणे हा त्याच धावपळीचा भाग आहे.

आता प्रतिपिंडांकडे वळू. प्रतिपिंडाचा पुढचा भाग जंतूला किंवा त्याच्या विषाला चिकटतो, तर मागचा भाग भक्षक पेशींना बोलावणे, रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांकडून जंतूला भोके पाडून घेणे अशी पुढची कामे करवून घेतो. प्रतिपिंडे बनवणारी रक्तातील पांढरी पेशी म्हणजे बी-पेशी. ती सुरुवातीला आयजीएम या जातीचे प्रतिपिंड बनवते. नंतर ती विळ्याचे पाते तेच ठेवून मूठ बदलावी तसा पुढचा भाग कायम ठेवून मागचा भाग बदलते, आणि त्यातून आयजीजी, आयजीए किंवा आयजीई ही प्रतिपिंडे तयार होतात. माणसात आयजीजीच्याही चार उपजाती आहेत. आयजीजी-१ आणि आयजीजी-३ या भक्षक पेशींना आणि कॉम्प्लिमेंटला जोरदारपणे कामाला लावतात. आयजीजी-२ त्या कामात दुबळी आहे. आयजीजी-४ कॉम्प्लिमेंटला जागे करीत नाही, भक्षक पेशींनाही फारशी हाक देत नाही, आणि तिचे दोन अर्धे भाग दुसऱ्या आयजीजी-४ रेणूच्या अर्ध्या भागांशी अदलाबदल करीत असल्याने पुष्कळदा तिचा एकच हात लक्ष्याला धरू शकतो.

कोणती जात निवडायची हे बी-पेशी एकटी ठरवीत नाही. तिला मदत करणाऱ्या टी-पेशी जी रसायने सोडतात, त्यांवर ही निवड अवलंबून असते, आणि टी-पेशींना वळण लावणाऱ्या पेशींचा पहिला संबंध येतो तो ॲडज्युव्हंटशी. जंतूच्या आवरणातील द्रव्य असेल तर इंटरफेरॉन-गॅमा सोडणाऱ्या टी-पेशींचा जोर होतो. केवळ ॲल्युमिनियमचा क्षार असेल तर इंटरल्यूकिन-४ सोडणाऱ्या टी-पेशींकडे कल राहतो. म्हणजे प्रतिजन, अर्थात ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात तो लसीतील घटक, तोच असला, तरी त्याच्या सोबतीला काय होते यावरून प्रतिपिंडाचा मागचा भाग बदलू शकतो.

डांग्या खोकल्याच्या लसींत हे प्रत्यक्ष दिसले आहे. नेदरलँड्सने २००५ साली अख्ख्या जंतूची लस सोडून शुद्ध प्रथिनांची लस स्वीकारली, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या मुलांची तुलना करण्याची संधी संशोधकांना मिळाली. शुद्ध प्रथिनांच्या लसीवर वाढलेल्या मुलांत एकूण प्रतिपिंडे भरपूर होती, पण पुढच्या मात्रांनंतर त्यांतील आयजीजी-४ चा वाटा वाढलेला आढळला. अख्ख्या जंतूच्या लसीने सुरुवात झालेल्या मुलांत आयजीजी-१ चे वर्चस्व कायम राहिले. विशेष म्हणजे हा ठसा पुसला जात नाही. तान्हेपणी पहिली लस कोणती मिळाली, याची खूण पुढे वर्षांनी दिलेल्या बूस्टर मात्रेच्या प्रतिसादातही दिसते.

याचा परिणाम काय होतो? जंतूचे विष निकामी करायला प्रतिपिंडाचा पुढचा भागच पुरतो, त्यामुळे शुद्ध प्रथिनांची लस घेतलेले मूल गंभीर आजारापासून चांगले बचावते. मात्र जंतूला घशातून हुसकावण्याचे काम तिच्याकडून तितके होत नाही. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेने २०१३ साली बबून माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. शुद्ध प्रथिनांची लस दिलेली माकडे आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या श्वासमार्गात जंतू राहिला आणि त्यांनी तो इतर माकडांना दिला. अख्ख्या जंतूची लस दिलेल्या माकडांनी जंतू लवकर घालवला. अमेरिकेने १९९७ पर्यंत तान्ह्या मुलांसाठी शुद्ध प्रथिनांचीच लस स्वीकारली होती. पुढे २०१० साली कॅलिफोर्नियात नऊ हजारांहून अधिक रुग्ण सापडले आणि दहा तान्ही बाळे दगावली, आणि २०१२ साली सबंध देशात ४८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. या साऱ्याचा दोष एकट्या आयजीजी-४ ला देणे मात्र चुकीचे ठरेल, कारण श्वासमार्गात वस्तीला राहणाऱ्या टी-पेशींचाही त्यात मोठा वाटा आहे. प्रतिपिंडांची जात आणि या टी-पेशी यांना एकच ॲडज्युव्हंट वळण लावत असल्याने दोन्ही बदल हातात हात घालून येतात.

अख्ख्या जंतूची लस सोडण्यामागे देशांची कारणेही खरी होती, आणि आपण त्यांना हलके लेखू नये. जपानमध्ये १९७५ साली दोन बाळांच्या मृत्यूनंतर ती काही काळ थांबवण्यात आली. लसीकरण घसरले, आणि १९७४ मध्ये चारशेच्याही आत असलेली रुग्णसंख्या १९७९ मध्ये तेरा हजारांवर जाऊन ४१ जण मरण पावले. त्या भीतीवर उतारा म्हणून १९८१ साली जपानने शुद्ध प्रथिनांची लस आणली. पालकांनी लसच नाकारण्यापेक्षा कमी ताप आणणारी लस घेणे केव्हाही चांगले होते.

आपल्यापुरते सांगायचे, तर मोफत मिळणारी लस हलक्या प्रतीची आहे हा समज मनातून काढून टाकावा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या लसीकरण समितीनेही २०१३ साली पहिल्या तीन मात्रांसाठी अख्ख्या जंतूच्या लसीलाच पसंती दिली होती. बाळाला पूर्वी झटके आले असतील किंवा मज्जासंस्थेचा काही आजार असेल, तर डॉक्टरांनी शुद्ध प्रथिनांची लस सुचवण्यास योग्य कारण असते, आणि तो निर्णय त्यांच्यावर सोपवावा. कोणतीही लस घेतली तरी तिन्ही मात्रा वेळेवर घ्याव्यात, आणि दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा व पाच-सहा वर्षांचा बूस्टर चुकवू नये.

प्रश्न : फिटकरी वर्गातील (म्हणजे ॲल्युमिनियमच्या क्षारांचे) ॲडज्युव्हंट आयजीजी-१ देतात आणि सीपीजी-डीएनए (जंतूंच्या डीएनएसारखे कृत्रिम तुकडे) आयजीजी-२ए देते, असे मी वर्गात शिकवतो. एका विद्यार्थ्याने विचारले की माणसाच्या आयजीजीच्या यादीत २ए नाहीच, मग हा नियम माणसाला कसा लावायचा? — जीवशास्त्राचे प्राध्यापक, लातूर

उत्तर : विद्यार्थ्याचा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचे कौतुक करावे. आपण शिकवता तो नियम उंदराचा आहे. मॉसमन आणि कॉफमन यांनी १९८६ साली उंदरांच्या मदतनीस टी-पेशींचे दोन गट वेगळे करून दाखवले. पुढच्याच वर्षी स्नॅपर आणि पॉल यांनी दाखवले की इंटरल्यूकिन-४ मुळे उंदराच्या बी-पेशी आयजीजी-१ आणि आयजीई कडे वळतात, तर इंटरफेरॉन-गॅमामुळे आयजीजी-२ए कडे. फ्रॉइंडच्या ॲडज्युव्हंटमध्येही हेच दिसते. खनिज तेलात क्षयाच्या वर्गातील मृत जंतू घातले तर आयजीजी-२ए वाढते, आणि जंतू वगळून नुसते तेल वापरले तर आयजीजी-१ कडे कल जातो.

माणसात आणि उंदरात क्रमांक सारखे असले तरी कामे सारखी नाहीत. माणसाच्या उपजातींना १ ते ४ हे क्रमांक रक्तातील प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने मिळाले आहेत. कामाच्या दृष्टीने माणसाची आयजीजी-१ ही उंदराच्या आयजीजी-२ए ला अधिक जवळची आहे, आणि उंदराची आयजीजी-१ त्या कामात कमकुवत आहे. प्रयोगशाळेत हमखास फसवणारी आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी: सी५७ब्लॅक/६ या प्रचलित जातीच्या उंदरांत आयजीजी-२ए चा जनुक नसतो, त्याजागी आयजीजी-२सी असते. त्यांच्या रक्ताची चाचणी २ए साठीच्या अभिकर्मकाने केली, तर प्रतिसाद आला असतानाही तो आलाच नाही असा निष्कर्ष निघू शकतो.

माणसाला प्रथिनयुक्त लस दिली तर ॲडज्युव्हंट कोणताही असो, मुख्य वाटा बहुधा आयजीजी-१ चाच असतो. कावीळ ब ची फिटकरीयुक्त लस आणि २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली, सीपीजी-१०१८ असलेली हेप्लिसाव-बी यांच्या तुलनेतही हेच चित्र आहे. फरक पडतो तो वेगात आणि प्रमाणात. एका मोठ्या चाचणीत १८ ते ५५ वयोगटात हेप्लिसावच्या दोन मात्रांनी सुमारे ९५ टक्के लोकांना संरक्षक पातळी मिळाली, तर फिटकरीयुक्त लसीच्या तीन मात्रांनी सुमारे ८१ टक्क्यांना.

ॲडज्युव्हंटचा माणसातील परिणाम उपजातीच्या पलीकडेही शोधावा लागतो. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत स्क्वॅलीनच्या तेलकणांचे एमएफ-५९ हे ॲडज्युव्हंट वापरलेल्या लसीने प्रतिपिंडांचे लक्ष विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाच्या देठाकडून डोक्याच्या भागाकडे वळवले आणि त्यांची पकडही घट्ट केली. याच वर्गातील एएस-०३ मुळे १५ मायक्रोग्रॅमऐवजी ३.७५ मायक्रोग्रॅम प्रतिजनात काम भागले. शिवाय प्रतिपिंडाच्या मागच्या भागावर साखरेची एक साखळी असते. तिच्यात फ्युकोज ही साखर नसेल तर त्याच आयजीजी-१ ची मारक पेशींना बोलावण्याची ताकद कैक पटींनी वाढते. म्हणून वर्गात नियम शिकवताना तो कोणत्या प्राण्याचा आहे हे त्याच वाक्यात सांगावे, एवढी विनंती आहे.

प्रश्न : मी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो. लाळ्या-खुरकूतीच्या लसींत आम्ही सॅपोनिन आणि पुढे तेलाचे मिश्रण वापरलेले पाहिले. माणसांच्या लसींत ही द्रव्ये आता आली असे वाचले. सुरुवात नेमकी कोठून झाली? — सांगली

उत्तर : सुरुवात आपल्याच क्षेत्रातून झाली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील पशुवैद्य गास्तों रामों घटसर्पाचे प्रतिविष बनवण्यासाठी घोड्यांना टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेले जंतूचे विष) टोचत असत. ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होते त्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक सापडते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग १९२५ च्या सुमारास त्यांनी टॅपिओका, स्टार्च, सॅपोनिन अशी निरनिराळी द्रव्ये मुद्दाम मिसळून पाहिली. लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत ग्लेनी यांनी १९२६ साली फिटकरीने साका केलेले टॉक्सॉइड गिनीपिगना दिले, आणि ॲल्युमिनियमचे क्षार तेव्हापासून आजवर लसींत आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या उगमाशीही घोडेच आहेत. १९६६ साली ती स्थापन होण्यापूर्वी पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरील घोडे प्रतिविषासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात.

सॅपोनिन जनावरांच्या लसींत दशकानुदशके होते, पण कच्च्या अर्काने लाल रक्तपेशी फुटत असल्याने माणसांसाठी ते चालण्यासारखे नव्हते. चिलीतील क्विलाजा या झाडाच्या सालीतून त्याचे शुद्ध अंश वेगळे करता आले, तेव्हा वाट मोकळी झाली. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच, परंतु लसीत वापरतात ते अंश क्विलाजाचे आहेत. त्यांतील क्यूएस-२१ आणि जंतूच्या आवरणातील द्रव्याचे सौम्य केलेले रूप एमपीएल हे दोन्ही मेदकणांत बसवून एएस-०१ तयार होते. नागिणीवरील शिंग्रिक्स आणि मलेरियावरील आरटीएस,एस या लसींत ते आहे. पन्नाशीनंतरच्या लोकांतील चाचणीत शिंग्रिक्सची परिणामकारकता ९७ टक्के आली, जी त्या वयात दुर्मीळ म्हणावी लागेल. सॅपोनिनचेच मॅट्रिक्स-एम हे रूप मलेरियावरील आर-२१ या लसीत आहे. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली ही लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली.

प्रश्न : चुकीच्या प्रकारची प्रतिपिंडे तयार झाल्याने अपाय झाल्याचे उदाहरण आहे का? — वैद्यकीय विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आहे, आणि लसशास्त्रातील ते सर्वांत दुःखद प्रकरणांपैकी एक आहे. तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही या विषाणूविरुद्ध १९६६-६७ साली अमेरिकेत एक लस तपासली गेली. विषाणू फॉर्मॅलिनने मारून त्यात फिटकरी मिसळली होती. त्या चाचणीतील सर्वांत लहान बाळांच्या गटात लस घेतलेल्या २० बाळांना पुढे नैसर्गिक संसर्ग झाला, त्यांपैकी १६ बाळांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोन दगावली. तुलनेच्या गटातील २१ संसर्गित बाळांपैकी एकालाच दाखल करावे लागले होते.

त्या बाळांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. ती विषाणूला चिकटत होती, पण त्याला थोपवू शकत नव्हती. दगावलेल्या बाळांच्या जतन केलेल्या फुप्फुस-ऊतकांची पुढे कित्येक वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा विषाणू आणि प्रतिपिंड यांचे जुडगे व त्यांनी पेटवलेल्या कॉम्प्लिमेंटच्या खुणा आढळल्या. त्यामागची दोन कारणे आता स्पष्ट झाली आहेत. एक कारण ॲडज्युव्हंटचे आहे: २००९ साली उंदरांवरील संशोधनातून दिसले की मारलेला विषाणू टीएलआर ग्राहकांना पुरेसा चेतवत नसल्याने प्रतिपिंडांची पकड घट्ट होत जाण्याची प्रक्रियाच खुंटली होती, आणि टीएलआरला चेतवणारी द्रव्ये घातल्यावर ती सुधारली. दुसरे कारण प्रतिजनाचे आहे: फॉर्मॅलिनच्या प्रक्रियेत विषाणूच्या एफ प्रथिनाचा मूळ आकार मोडला होता. तो आकार २०१३ साली उलगडला गेला, आणि त्याच आकारात स्थिर केलेले प्रथिन एएस-०१ सोबत वापरणाऱ्या ॲरेक्सव्ही लसीला २०२३ मध्ये साठीपुढील लोकांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या दोन बाळांच्या मृत्यूनंतर आरएसव्हीची लस यायला अर्धे शतक लोटले. विद्यार्थ्यांनी हा इतिहास बारकाईने वाचावा, असे मला मनापासून वाटते.

उपजातीचा प्रश्न एचआयव्हीच्या संशोधनातही ठळकपणे पुढे आला. थायलंडमध्ये सोळा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर झालेल्या आरव्ही-१४४ या चाचणीत, ज्याचे निष्कर्ष २००९ साली आले, लसीची परिणामकारकता सुमारे ३१ टक्के होती. विषाणूच्या आवरणातील व्ही१-व्ही२ या भागाविरुद्ध आयजीजी-३ असलेल्यांना धोका कमी होता, तर आवरणाविरुद्ध रक्तात आयजीए जास्त असलेल्यांत संरक्षण कमी दिसले. आयजीए त्याच जागी बसून आयजीजीला काम करू देत नसावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्या लसीत फिटकरी होती. दक्षिण आफ्रिकेत पुढील चाचणी करताना अधिक जोमदार म्हणून एमएफ-५९ निवडण्यात आले. प्रतिसाद जोमदार येऊनही संरक्षण मिळाले नाही, आणि २०२० च्या सुरुवातीला लस देणे थांबवण्यात आले. तिथले विषाणू आणि संसर्गाचे प्रमाण वेगळे होते, तेव्हा सारे खापर ॲडज्युव्हंटवर फोडता येणार नाही. मात्र जोमदार ॲडज्युव्हंट म्हणजे अधिक चांगले संरक्षण, हे गृहीतक त्या चाचणीनंतर टिकले नाही.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत असते. तिला कोविडच्या एमआरएनए लसीचे तीन डोस मिळाले. त्यामुळे आयजीजी-४ वाढते, असे संदेश आमच्या नातेवाइकांच्या गटात फिरत आहेत. आम्ही इथे कोव्हिशील्ड घेतली. काळजी करावी का? — ज्येष्ठ नागरिक, पुणे

उत्तर : संदेशातील निरीक्षण खरे आहे, त्यावर चढवलेली भीती खरी नाही. जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी दाखवले की एमआरएनए लसीच्या दोन मात्रांनंतर प्रथम आयजीजी-१ आणि आयजीजी-३ वाढतात, काही महिन्यांनी आयजीजी-४ दिसू लागते, आणि तिसऱ्या मात्रेनंतर स्पाइक प्रथिनाविरुद्धच्या आयजीजीमध्ये तिचा वाटा सरासरी १९ टक्क्यांपर्यंत जातो. या लसीत वेगळे ॲडज्युव्हंट घातलेले नसते, एमआरएनए वाहून नेणारे मेदकणच ते काम करतात. अशा प्रतिपिंडांची विषाणूला पेशीत शिरू न देण्याची क्षमता टिकून होती. भक्षक पेशींना आणि कॉम्प्लिमेंटला कामाला लावण्याची क्षमता मात्र कमी झाली होती. त्याच प्रतिजनाशी पुन्हा पुन्हा गाठ पडली की आयजीजी-४ वाढणे हा शरीराचा जुना परिपाठ आहे. मधमाश्या पाळणाऱ्यांत माशीच्या विषाविरुद्ध ती भरपूर सापडते आणि तिथे ती ॲलर्जीपासून त्यांचे रक्षण करते. आपल्या मुलीने घेतलेले डोस वाया गेले किंवा अपायकारक ठरले, असा अर्थ यातून निघत नाही.

कोव्हिशील्ड ही निरुपद्रवी केलेल्या ॲडिनोव्हायरसवर आधारलेली आहे, तिच्यात वेगळे ॲडज्युव्हंट नसते, आणि त्या पद्धतीच्या लसीने सुरुवात झालेल्यांत आयजीजी-४ ची अशी वाढ फारशी दिसली नाही. जाता जाता सांगावेसे वाटते की ॲडज्युव्हंटची विविधता भारतातील कोविड लसींत विशेष होती. हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसोबत तयार केलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये फिटकरीच्या जेलवर टीएलआर-७ व ८ यांना चेतवणारा रेणू बसवलेला आहे, आणि तो नेमका प्रतिसादाचा कल इंटरफेरॉन-गॅमाच्या दिशेने राहावा म्हणून निवडला गेला. हैदराबादच्याच बायॉलॉजिकल ई कंपनीच्या कॉर्बेव्हॅक्समध्ये फिटकरीसोबत सीपीजी-१०१८ आहे, तर पुण्यात तयार झालेल्या कोव्होव्हॅक्समध्ये मॅट्रिक्स-एम. त्यामुळे निरनिराळ्या लसी घेतलेल्यांनी खासगी प्रयोगशाळेतील प्रतिपिंडांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. तो आकडा बहुधा एकूण प्रतिपिंडांचा असतो, त्यात जात दिसत नाही.

प्रश्न : गरोदरपणी दिलेल्या लसीची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचतात का? सर्व प्रकारची पोहोचतात का? — आशा कार्यकर्ती, नंदुरबार

उत्तर : पोहोचतात, पण फक्त आयजीजी. आयजीएम, आयजीए आणि आयजीई वार ओलांडत नाहीत. आयजीजीतही आयजीजी-१ सर्वांत सहज पलीकडे जाते, आयजीजी-२ सर्वांत कमी. धनुर्वाताच्या लसीला येणारा प्रतिसाद मुख्यतः आयजीजी-१ चा असतो, हे आपल्या देशातील नवजात बाळांचे मोठे भाग्य ठरले. गरोदर मातेला टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस वेळेत मिळाली, तर बाळ जन्मतःच संरक्षण घेऊन येते.

प्रश्न : गोठलेली पेंटाव्हॅलंट लस वितळवून दिली तर वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात का? — परिचर्या विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : वेगळी होण्याचा प्रश्नच येत नाही, मुळात प्रतिसादच कमी होतो. प्रतिजन ॲल्युमिनियमच्या जेलच्या कणांना धरून असतो. लस गोठली की ते कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि ही रचना मोडते. वितळवून ती पूर्ववत होत नाही. म्हणून या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात आणि लसवाहकात घालण्यापूर्वी बर्फाचे पॅक थोडे वितळू देतात. कुपी घट्ट गोठलेली दिसली तर ती तिथेच बाद करावी. केवळ शंका असेल तर शेक टेस्ट करावी. त्याच कंपनीची आणि त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवावी, दोन्ही कुप्या एका हातात धरून दहा ते पंधरा सेकंद हलवाव्यात, टेबलावर शेजारी ठेवाव्यात आणि अर्ध्या तासापर्यंत निरीक्षण करावे. संशयित कुपीतील गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने खाली बसला, तर ती वापरू नये आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.